कस्टम बांधणीसाठी कोणतं १९११ पिस्तूल घ्यावं? (अमेरिकेत राहतो, गनस्मिथकडून .४५ कॅलिबरमध्ये रेंजसाठी बांधून घ्यायचंय)

साधं, कमी सजवलेलं, फोर्ज्ड (दाबून-ठोकून घडवलेल्या पोलादाची) फ्रेम म्हणजे खालचा सांगाडा आणि फोर्ज्ड स्लाइड म्हणजे वरचा मागेपुढे सरकणारा भाग असलेलं पिस्तूल घ्या. माझी पहिली पसंती स्प्रिंगफील्ड मिल-स्पेक, बजेट असेल तर कोल्ट सिरीज ७०. मी गनस्मिथच्या दुकानात काम करतो. बांधणीत मूळ पिस्तुलाचं टिकतं ते मुख्यतः फ्रेम आणि स्लाइड. हॅमर, सिअर आणि डिस्कनेक्टर (ट्रिगर यंत्रणेचे आतले भाग), थंब सेफ्टी (अंगठ्याने लावायचा सुरक्षा-खटका) बहुधा बदलली जातात आणि बऱ्याचदा बॅरलही. म्हणून हे सगळं आधीच बसवलेल्या महागड्या मॉडेलला पैसे देणं म्हणजे तेच दोनदा विकत घेणं. शिवाय तिथे फ्रेमची मागची टोकं बीव्हरटेलसाठी (मुठीच्या वर मागे निघालेला, हात सांभाळणारा भाग) कंपनीच्या मापाने आधीच कापलेली असतात. तुमच्या पसंतीच्या बीव्हरटेलची गोलाई वेगळी निघाली तर मध्ये फट दिसते, आणि कापलेलं पोलाद परत आणायचं तर वेल्डिंगच करावं लागतं. मिल-स्पेकसारख्या जुन्या लष्करी घाटाच्या फ्रेमवर ही अडचण येत नाही.

दुकानात बघताना:
- स्लाइड मागे ओढून फ्रेमच्या रेल्सवर खोल ओरखडे नाहीत ना, ते पाहा
- प्लंजर ट्यूब (फ्रेमच्या बाजूला बसवलेली स्प्रिंगची छोटी नळी) हलत नाही ना, तेही तपासा

कोल्टच्या सिरीज ८० मध्ये फायरिंग पिन (काडतुसावर आदळणारी पिन) अडवणारे जादा भाग असतात, त्यामुळे ट्रिगरचं काम किचकट होतं. पण पिस्तूल रोज अंगावर बाळगणार असाल तर मी सिरीज ८० च सुचवेन, कारण हातातून पडल्यास ती अडवणूकच उपयोगी पडते.