पगार आणि व्याज १२ लाखांच्या आत, तरी २०,८०० टॅक्स का दाखवतंय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नवी करप्रणाली, स्टँडर्ड डिडक्शन वजा जाता पगार आणि एफडीचं व्याज मिळून ९ लाख, काही महिन्यांत घेऊन विकलेल्या शेअर्सचा नफा १ लाख. एकूण १० लाख. मग १२ लाखांपर्यंत टॅक्स नाही म्हणतात ते खोटं का?

खोटं नाही, पण अर्धवट आहे. मी ओळखीच्या बऱ्याच लोकांचे रिटर्न भरून देतो, त्यात हाच गैरसमज सगळ्यात जास्त भेटतो. आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी करमुक्त आहेत ते फक्त पहिले ४ लाख. पुढच्या उत्पन्नावर स्लॅबप्रमाणे टॅक्स लागतोच, आणि एकूण उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तर कलम ८७ए चा रिबेट, म्हणजे टॅक्समधली सूट, तो टॅक्स पुसून टाकतो. ४ ते ८ लाखांवर ५ टक्क्यांनी २०,०००, ८ ते १२ लाखांवर १० टक्क्यांनी ४०,०००, मिळून ६०,०००. रिबेटची कमाल मर्यादाही तेवढीच ठेवली आहे.

आता तुमचा हिशेब. ९ लाखांवर स्लॅबने ३०,००० होतात, ते रिबेटने शून्य झाले. शेअर्सच्या शॉर्ट टर्म नफ्याला मात्र २० टक्क्यांचा वेगळा दर आहे, आणि नव्या प्रणालीत रिबेट फक्त स्लॅबने आलेल्या टॅक्सला मिळतो. म्हणून नफ्यावरचे २०,००० जसेच्या तसे उभे राहिले, वर ४ टक्के सेसचे (टॅक्सवरच्या अधिभाराचे) ८००. आकडा बरोबर आहे. मला यात खटकतं ते वेगळंच: हा नफा रिबेटच्या लाभात धरत नाहीत, पण १२ लाखांची मर्यादा मोजताना मात्र धरतात. पगार ११.५ लाखांच्या आसपास असलेल्यांनी मार्चमध्ये शेअर्स विकण्याआधी हे जरूर बघावं.

मर्यादा थोडक्यात ओलांडली तर काय, हेही पुष्कळजण विचारतात. सगळं उत्पन्न स्लॅबचंच असेल आणि ते १२ लाख १० हजार झालं, तर टॅक्स ६१,५०० नाही, वरच्या १०,००० एवढाच लागतो, अधिक सेस. याला मार्जिनल रिलीफ म्हणतात. साधारण १२ लाख ७० हजारांपर्यंत त्याचा उपयोग होतो.

रिबेटचे पैसे खात्यात येतात का, असंही तुम्ही विचारलंय. नाही. रिबेट टॅक्स शून्यापर्यंत आणतो, त्याखाली नेत नाही. उरलेला रिबेट बुडतो. टीडीएसचं, म्हणजे पैसे देतानाच कापून घेतलेल्या टॅक्सचं, तसं नाही, ते तुमचेच आधी भरलेले पैसे असतात. देणं असेल तर त्यातून वजा होतात, नसेल तर परत मिळतात, पण रिटर्न भरल्याशिवाय मिळत नाहीत. बँकेने एफडीच्या व्याजातून ६,००० कापल्याचं तुम्ही लिहिलंय आणि इन्कम टॅक्सचं पोर्टल तरी पूर्ण २०,८०० मागतंय, म्हणजे ते क्रेडिट रिटर्नमध्ये आलेलं नाही. फॉर्म २६एएस, म्हणजे तुमच्या पॅनवर जमा झालेल्या टॅक्सचा उतारा, उघडून बँकेची नोंद आहे का बघा. असेल तर टीडीएसच्या शेड्यूलमध्ये टाका, देणं १४,८०० वर येईल. नसेल तर तुमचा पॅन बँकेत बरोबर नोंदलाय का ते आधी तपासा आणि बँकेकडून दुरुस्ती करून घ्या.

१४,८०० ही रक्कम १०,००० च्या वर असल्याने ॲडव्हान्स टॅक्स (वर्ष चालू असतानाच हप्त्यांनी भरायचा टॅक्स) न भरल्याचं थोडं व्याजही लागेल, ते पोर्टल स्वतःच काढतं. आणि फॉर्म आयटीआर-१ घेतला असाल तर तो बदला. शेअर्सचा शॉर्ट टर्म नफा त्यात चालत नाही, आयटीआर-२ लागेल. चलान भरून त्याचा तपशील टाका आणि मगच रिटर्न सबमिट करा.