खाण तशी माती, की जिद्दच नाही?

पत्र : ताई, माझं वय 53. गेली कित्येक वर्षं वजन 64 किलोच्या आसपास. रोज पहाटे चालतो, पोट भरलं की ताटावरून उठतो. मुलगा 21 वर्षांचा आहे, वजन 98 किलो. चौदा-पंधराव्या वर्षापर्यंत ठीक होता, मग सुटत गेला. बायको आणि सासूबाई दोघी स्थूल. बायको म्हणते, ‘खाण तशी माती, रक्तातच आहे, त्याला बोलून काय उपयोग?’ मी म्हणतो, मनावर घेतलं तर काय होत नाही? हॉलमध्ये वजनकाटा ठेवलाय, दर रविवारी त्याला त्यावर उभं करतो. दोनदा त्याने आठ-दहा किलो उतरवलंही, पण पुन्हा होता तिथेच. हल्ली आमच्यासमोर नीट जेवत नाही आणि रात्री स्वयंपाकघरात डबे वाजतात. हे जेनेटिक आहे की जिद्दीचा अभाव, एकदा स्पष्ट सांगा. आणि मुलगा माझाही आहेच ना, मग माझी खाण कुठे गेली?
— शिस्तप्रिय बाप

उत्तर : निकालच मागितलाय, तर देते. तुमच्या बायकोचं बरंचसं बरोबर आहे, तुमचं थोडंसं. पण त्यावरून तुम्ही दोघं मुलाशी जसे वागताय, ते दोन्हीकडून चुकतंय.

आधी रक्ताचं बघू. 1986 मध्ये डेन्मार्कमधल्या 540 दत्तक व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ही माणसं मोठी झाल्यावर त्यांचं वजन जन्मदात्या आईवडिलांच्या वजनाशी जुळत होतं. ज्या घरात वाढली, ज्यांच्या हातचं खाल्लं, त्यांच्याशी काही संबंध सापडला नाही. पुढे वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या एकसारख्या जुळ्यांमध्येही हेच चित्र दिसलं. माणसामाणसांच्या वजनात जो फरक असतो, त्यातला साधारण 40 ते 70 टक्के वाटा आनुवंशिक आहे, असे अंदाज आहेत. ‘चौदाव्या वर्षापर्यंत ठीक होता’ हा तुमचा पुरावाही इथे फारसा टिकत नाही. जुळ्यांच्या अभ्यासांत हा वाटा बालपणापेक्षा पौगंडावस्थेत वाढलेला दिसतो.

मला सगळ्यात बोलका वाटतो तो कॅनडातला एक प्रयोग, 1990 सालचा. एकसारख्या जुळ्या तरुणांच्या बारा जोड्या घेतल्या, वय तुमच्या मुलाएवढंच, एकविशीच्या आसपास. शंभर दिवसांतले 84 दिवस प्रत्येकाला गरजेपेक्षा रोज 1000 कॅलरी जास्त खायला घातल्या, देखरेखीखाली, हालचालीवर बंधन ठेवून. खाणं सगळ्यांना सारखंच जास्त. तरी कुणाचं वजन 4.3 किलोने वाढलं, तर कुणाचं 13.3 किलोने. आणि भावाभावांचे आकडे एकमेकांच्या जवळ होते. इथे जिद्दीला वावच नव्हता, सगळे सांगितलेलंच खात होते.

आता तुमच्याबद्दल, आणि हे जरा लागेल. ‘पोट भरलं की ताटावरून उठतो,’ असं लिहिलंय तुम्ही. पोट भरल्याची ती जाणीव तुम्हाला वेळेवर होते, ही तुमची कमाई नाही. वजनाशी जोडलेली जनुकं शेकडो आहेत आणि त्यांतली बरीच मेंदूत काम करतात, भूक आणि तृप्ती सांभाळणाऱ्या भागांत. वारशात चरबीपेक्षा भूकच जास्त मिळते. काहींना जेवून तासाभरात पुन्हा अन्न दिसायला लागतं, काहींना दुपार उलटून गेल्याचं भानही नसतं. ज्याला खाज सुटतच नाही, त्याने ‘बघा, मी कसा खाजवत नाही’ म्हणून शेजारच्याला उपदेश करावा, तसं तुमचं चाललंय. पहाटेचं चालणं मात्र तुमचं स्वतःचं, त्याचं श्रेय घ्या.

तुमची खाण कुठे गेली? गेली नाही, अर्धी त्याच्यात आहे. पण कुठली अर्धी यायची हे दर अपत्यामागे नव्याने ठरतं. सख्खी भावंडं म्हणून तर एकसारखी नसतात.

तुमची बाजू खरी कुठे आहे, तेही सांगते. पिढी-दोन पिढ्यांत माणसाची जनुकं बदलत नाहीत. तरी जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार 1990 पासून जगातल्या प्रौढांमधला लठ्ठपणा दुपटीहून जास्त वाढला आणि 2022 मध्ये दर आठ माणसांमागे एक लठ्ठ होता. म्हणजे भोवतालचं काहीतरी बदललं. अमेरिकेत 2019 मध्ये वीस जणांना महिनाभर संशोधन केंद्रातच ठेवलं. दोन आठवडे कारखान्यात तयार झालेले अतिप्रक्रिया केलेले पदार्थ, दोन आठवडे साधं ताजं अन्न. समोर ठेवलेल्या जेवणात कॅलरी, साखर, चरबी, चोथा सारखाच. हवं तेवढं खा म्हटलं, तर पाकीटबंद आठवड्यांत तीच माणसं रोज सुमारे 500 कॅलरी जास्त खाऊन गेली. त्या दोन आठवड्यांत त्यांचं मन कमकुवत झालं होतं का? समोरचं अन्न बदललं होतं, बस्स. अशा अन्नाने वेढलेल्या जगात ज्याची भूक जन्मतः मोठी, तो आधी सापडतो.

मग मनाच्या जोरावर काहीच होत नाही का? होतं की. तुमच्याच पत्रात आहे. दोनदा आठ-दहा किलो उतरवलं त्या पोराने! तुम्हाला आयुष्यात एकदाही हे करावं लागलेलं नाही. वजन परत आलं याचं कारण मात्र तुम्ही समजता ते नाही. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2011 मध्ये दाखवलं, की वजन उतरवल्यावर भूक वाढवणारी हार्मोन्स चढी राहतात, तृप्तीची खाली जातात, आणि हे वर्षभरानंतरही पूर्ववत होत नाही. वजन घटवण्याच्या एका अमेरिकन टीव्ही स्पर्धेतल्या चौदा जणांना सहा वर्षांनी तपासलं, तर त्यांचं शरीर त्यांच्या आकाराच्या माणसाने जाळायला हव्यात त्यापेक्षा रोज सुमारे 500 कॅलरी कमी जाळत होतं. शरीर हरवलेलं वजन परत मिळवायला धडपडतं. एकविसाव्या वर्षी दोनदा त्याच्याशी झुंजलेल्या मुलाला तुम्ही आळशी म्हणताय.

बायकोलाही हे वाचून दाखवा, कारण ‘रक्तातच आहे’ म्हणून हात टेकणंही मला मान्य नाही. 2007 मध्ये एफटीओ नावाच्या जनुकाचा लठ्ठपणाशी संबंध सापडला, खूप गाजलं. त्याचं जोखमीचं रूप आई आणि वडील दोघांकडून मिळालेल्यांचं वजन सरासरी किती जास्त? तीन किलोच्या आसपास. आणि अंगमेहनत, व्यायाम करणाऱ्यांमध्ये त्याचा परिणाम साधारण पाव हिश्शाने कमी झालेला दिसला. एकाच जनुकातल्या बिघाडाने येणारा लठ्ठपणा असतो, पण तो विरळा आणि बहुधा अगदी लहानपणी, कशानेही न भागणारी भूक घेऊन येतो. तुमच्या वर्णनात तसं काही दिसत नाही.

वजनकाटा आजच हॉलमधून हलवा. रविवारची हजेरी बंद. ज्यांना वजनावरून बोललं जातं, हिणवलं जातं, त्यांचं वजन पुढे वाढण्याची शक्यता जास्तच दिसते. लाजेने कुणी बारीक होत नाही. घरात त्याच्यासाठी वेगळं ताट नको. पाकिटं आणायची नसतील तर कुणासाठीच आणू नका, तुम्हाला चालतात म्हणून तुमच्यापुरतीही नाही. पहाटे त्याला उठवू नका, संध्याकाळी ‘येतोस का चालायला?’ विचारा. नाही म्हणाला तर तो विषय तिथेच सोडा. आणि चालताना वजनावर एक अक्षर काढायचं नाही.

64 किलोचं स्वप्न त्याच्यासाठी बघू नका. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांवर अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या अभ्यासात 7 टक्के वजन घटवणं आणि आठवड्याला 150 मिनिटं व्यायाम, एवढंच लक्ष्य होतं. त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी कमी झालं. 98 किलोचे 7 टक्के म्हणजे सातेक किलो. तो 91 वर राहिला तर तुमच्या डोळ्यांना फरक दिसणारही नाही कदाचित, पण त्याच्या शरीराला नक्की कळेल.

डॉक्टरकडे जावं, पण त्याची तयारी असेल तेव्हा, आणि आत तुम्ही जायचं की नाही हे त्याने ठरवायचं. रक्तदाब, साखर, थायरॉइड, यकृत बघून घेतील. झोपेत जोरात घोरतो का, कुठली औषधं चालू आहेत का, हे सांगायला हवं. काही औषधांनी वजन वाढतं. आता भूक कमी करणारी परिणामकारक औषधंही आली आहेत. त्यांतल्याच सेमाग्लूटाइड नावाच्या औषधाच्या चाचणीत 68 आठवड्यांत सरासरी 15 टक्क्यांच्या आसपास वजन घटलं, पण बंद केल्यावर त्यातलं बरंचसं परतही आलं. ती द्यायची की नाही हे डॉक्टर ठरवतील. मनाने खंबीर असता तर गोळी-इंजेक्शन लागलं नसतं, असं तेव्हा म्हणू नका. रक्तदाबाच्या गोळीला आपण तसं म्हणत नाही.

राहिले रात्रीचे डबे. सगळ्यात जास्त काळजी मला त्यांची वाटली, वजनाची नंतर. दिवसभर चारचौघांत न जेवणारा माणूस रात्री उपाशी असतो, एवढंच कारण असेल तर टोकणं थांबल्यावर काही आठवड्यांत ते कमी होईल. कमी झालं नाही, किंवा एकदा सुरू केलं की थांबता येत नाही आणि नंतर स्वतःची किळस येते असं तो कधी म्हणाला, तर तो खाण्याचा विकार असू शकतो. त्यावर उपचार आहेत. अशा वेळी आहारतज्ज्ञाच्या आधी मानसोपचारतज्ज्ञाची वेळ घ्या. आणि तोवर रात्री डबे वाजले तरी उठून दिवा लावायला जाऊ नका.