परिपाठात हात जोडायची सक्ती : आईच्या संमतीशिवाय चालते का?

प्रश्न : आम्ही बौद्ध आहोत. मुलगी गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीत आहे. दर शनिवारी परिपाठात राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, सुविचार झाले की मारुतीच्या तसबिरीसमोर हात जोडून सगळ्यांना स्तोत्र म्हणायला लावतात. ते पाठ करून आणायचं आणि गुरुजींना म्हणून दाखवायचं. मुलीने हात जोडले नाहीत, तर तिला रांगेतून काढून परिपाठ संपेपर्यंत झेंड्याच्या ओट्याजवळ एकटी उभी केली. तिला तेवढी सूट द्या, अशी विनंती मी मुख्याध्यापकांना केली. ते म्हणाले, "हा धर्म नाही, संस्कार आहेत. पटत नसेल तर दाखला घेऊन जा." मिस्टर म्हणतात ॲट्रॉसिटी लावू. आम्हाला गावातच राहायचंय, मला भांडण नको. काय करू?
– एक आई, सोलापूर जिल्हा

उत्तर : ताई, दाखला अजिबात काढू नका. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १६ प्रमाणे आठवी पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. मुख्याध्यापकांचं ते बोलणं कायद्यापुढे टिकणारं नाही.

आणि तुम्ही सूट मागितलीत, ती मागायची गरजच नव्हती. संविधानाचा अनुच्छेद २८(३) सांगतो की, सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कुणालाही धार्मिक शिक्षण घ्यायला किंवा पूजा-प्रार्थनेला हजर राहायला लावायचं असेल, तर त्याची संमती हवी. मूल अल्पवयीन असेल तर पालकाची. म्हणजे विचारायला शाळेने तुमच्या दारात यायला हवं होतं. आजवर तुम्ही गप्प राहिलात, म्हणून संमती दिली असं माझ्या मते धरता येणार नाही.

तुमची शाळा तर जिल्हा परिषदेची. मूलभूत हक्कांपुरती 'राज्य' या व्याख्येत अनुच्छेद १२ प्रमाणे स्थानिक संस्थाही येतात. त्यामुळे २८(१) लागू होतो : पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देताच येत नाही, कुणाची संमती असली तरी. संविधान सभेत १९४८ साली या तरतुदीवर चर्चा झाली, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी कारणं मांडली होती. सगळ्यांच्या कराचा पैसा एखाद्या धर्माच्या शिकवणीवर खर्च करू नये. देशात इतके धर्म की प्रत्येकाची सोय शाळेला झेपणार नाही. आणि धर्माधर्मांतले वाद वर्गात आले तर शाळेची शांतता जाईल. तुमच्या मुलीला ओट्याजवळ उभं राहावं लागलं, ते याच भीतीचं उदाहरण आहे.

"हा धर्म नाही, संस्कार" या उत्तराचं काय? धर्माविषयी शिकवणं आणि धर्माचरण करायला लावणं यांत न्यायालयांनी फरक केला आहे. २००२ च्या अरुणा रॉय प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने धर्मांची ओळख अभ्यासक्रमात असायला हरकत नाही, असं म्हटलं. म्हणून पाठ्यपुस्तकात तुकोबांचा अभंग येतो, बुद्धाची गोष्ट येते; त्यावर आक्षेप घेऊ नका, घेतलात तर हराल. पण तसबिरीसमोर हात जोडून स्तोत्र म्हणणं हा अभ्यास नाही, ती उपासना आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते. २८(१) मध्ये शब्द 'धार्मिक शिक्षण' असा आहे. पूजेचा उल्लेख २८(३) मध्ये येतो. केंद्रीय विद्यालयांतल्या सामूहिक प्रार्थनेचा वाद सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये जास्त न्यायाधीशांच्या मोठ्या पीठाकडे सोपवला. म्हणून "शाळेतलं सगळंच बंद करा" अशी मागणी करून अडकू नका. स्तोत्र पाठ करून घेणं आणि सक्ती, एवढंच धरा. दसऱ्याच्या पाटीपूजनापुरतं मुलीवर जबरदस्ती नको, इतकंच म्हणा.

सक्तीबाबत दोन निकाल तुमच्या बाजूने आहेत. केरळमधली तीन भावंडं त्यांच्या श्रद्धेमुळे राष्ट्रगीत गात नसत, पण आदराने उभी राहत. १९८५ मध्ये शाळेने त्यांना काढलं. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परत घ्यायला लावलं. नाशिकच्या एका अनुदानित शाळेतले शिक्षक प्रार्थनेला हात जोडत नसत, म्हणून त्यांचा वेतनाचा लाभ अडवला गेला होता. २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. मुलीला एवढंच सांगा : शांत उभी राहा, कुणाच्या म्हणण्यात अडथळा आणू नकोस.

आता अर्ज. मुख्याध्यापकांच्या नावे तीन प्रती काढा. तारीख, घडलेला प्रकार आणि पुढे हे वाक्य : "माझ्या मुलीने धार्मिक प्रार्थनेत किंवा पूजेत भाग घेण्यास मी संमती देत नाही, अनुच्छेद २८ प्रमाणे तिला सक्ती अथवा शिक्षा करू नये." दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्याची पोच घ्या. घेत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा. शाळा व्यवस्थापन समितीत बहुसंख्य सभासद पालकच असतात. तिसरी प्रत समितीच्या अध्यक्षांना द्या. गावातलं प्रकरण पुष्कळदा तिथेच मिटतं.

पंधरा दिवसांत काही हललं नाही, तर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा. मुलाला मानसिक त्रास देण्यास शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ मनाई करतं, आणि एकटीला वेगळं काढून उभं करणं त्यात बसतं असं माझं ठाम मत आहे. त्याच कायद्याच्या कलम ३२ खाली लेखी तक्रार केली की स्थानिक प्राधिकरणाने ती तीन महिन्यांत निकाली काढायची असते. त्यावर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील होतं. उच्च न्यायालयाचा रस्ता अनुच्छेद २२६ ने खुला आहेच, पण तिथवर जावं लागेल असं वाटत नाही.

ॲट्रॉसिटीचं मिस्टरांना समजावून सांगा. जातीवरून अपमान किंवा जातीमुळे दिलेली वागणूक असेल तर तो कायदा जरूर वापरा. पण तुमच्या पत्रात तसं काही दिसत नाही. असं काही बोललं गेलं असेल, तर शब्द, दिवस आणि कुणासमोर बोलले ते लिहून ठेवा आणि मला कळवा. परिपाठाचे व्हिडिओ काढून गावच्या ग्रुपवर टाकू नका. त्यात इतरांची मुलं दिसतात आणि तुमची बाजू विनाकारण कमजोर होते. मुलीला कुणासमोर जबाब द्यायलाही उभं करू नका. अर्ज तुमचा, बोलायचंही तुम्हीच.