हेडसेट घेताना आधी वायरीचं टोक बघा

लोह्याच्या भाऊंची पोस्ट वाचली अन् हसूही आलं, पोटातही कालवलं. गेमिंगचा हेडसेट लावून कुस्त्यांचं लाइव्ह केलं, हलगी सुरू झाली की समालोचन गायब. आता माळेगावच्या जत्रेआधी 15-20 हजारांत ‘प्रोफेशनल’ माइकवाला हेडसेट घ्यायचाय, कोणता घेऊ, असं त्यांनी विचारलंय.

मी काही साऊंड इंजिनिअर नाही, खताचं दुकान आहे माझं. फडावर बोलायची हौस, एवढंच. साऊंडच्या मिक्सरवर गेन (माइकची पातळी) कसा लावायचा वगैरे तुम्हाला येतच असेल, ते सोडतो.

माझं कुठं चुकलं ते सांगतो. जाहिरातीत ‘ब्रॉडकास्ट हेडसेट, डायनॅमिक माइक’ (म्हणजे वेगळी वीज न लागणारा) वाचलं, स्वस्त वाटला, 11 हजार भरले. जत्रेच्या 2 दिवस आधी खोकं आलं. वायरीच्या टोकाला एकच कनेक्टर, अन् आत पिना 4. मिक्सरचं भोक 3 पिनांचं! तो इंटरकॉमचा हेडसेट निघाला, कॅमेरावाले आपसात बोलतात त्यातला. 1 अन् 2 नंबरवर माइक, 3 अन् 4 वर कानातला आवाज.

तेव्हाच परत करायला पाहिजे होता. मी काय केलं, बसस्टँडजवळच्या रिपेअरवाल्याकडून कनेक्टर कापून घेतला. माइकला 3 पिनांचा एक्सएलआर (माइकचा गोल कनेक्टर), कानाला 6.3 मिमीचा जॅक. माइकला सिग्नलची तार एकच, म्हणून त्यानं 3 नंबरची पिन 1 ला, म्हणजे अर्थिंगला जोडून टाकली. घरी झकास वाजला.

फडावर मात्र हलगीसाठी कंडेन्सर माइक लावलेला, त्याला 48 व्होल्टचा फँटम, म्हणजे मिक्सरनं माइकच्या वायरीतूनच दिलेली वीज, लागतो. माझ्या मिक्सरला त्याचं बटण सगळ्या चॅनलला मिळून एकच. नीट जोडलेल्या डायनॅमिक माइकला त्यानं काही होत नाही, कारण 2 अन् 3 दोन्ही पिनांवर सारखेच व्होल्ट येतात. माझी 3 नंबर अर्थिंगला, म्हणजे व्होल्ट एकाच पिनेवर. फँटम चालू करताच ‘थड्ड’ झालं, अन् त्यानंतर आवाज मडक्यात तोंड घालून बोलल्यासारखा. शेवटची इनामी कुस्ती एका हातात साधा माइक, दुसऱ्यात जोड्यांचा कागद धरून केली.

विकणाऱ्याच्या सर्व्हिस ऑफिसचं तर नावच काढू नका. “वायर कापली, वॉरंटी संपली.” कबूल, कापली. पण घ्यायच्या आधी फोनवर विचारलं होतं ना, मिक्सरला लागेल का? “लागेल सर, लागेल.” ते सांगितलं तर म्हणे ईमेल करा. 3 ईमेल केले. एकाचंही उत्तर नाही. बरं, पैशाचं एक वेळ जाऊ द्या, माणसानं फोन तरी उचलावा की!

तर भाऊ, कंपनी नंतर बघा. आधी वायरीच्या टोकाचा फोटो मागवा. माइकचा 3 पिनांचा एक्सएलआर वेगळा अन् कानाचा जॅक वेगळा पाहिजे. काही हेडसेट वायरीशिवायच विकतात, तेही विचारून घ्या. ऑडिओ-टेक्निकाचा बीपीएचएस1 असाच दोन टोकांचा येतो, माइक डायनॅमिक. मी आता तोच वापरतो. बायरडायनॅमिकचा डीटी 297 पीव्ही नावाजलेला आहे, पण त्यात कंडेन्सर माइक, त्याला फँटम लागणारच. हलगीच्या गोंगाटात मी तरी डायनॅमिकच घेईन. दुसऱ्यांचं मत वेगळं असू शकतं. ब्लूटूथवाला मात्र कुणी फुकट दिला तरी नको, आवाज उशिरा येतो.

अजून एक. बहुतेक जण हलगीकडं पाठ करून बसतात. उलटं करा. या माइकचं तोंड तुमच्याकडं असतं, म्हणजे त्याची पाठ समोर, अन् पाठीमागचं त्याला कमी ऐकू येतं. हलगी समोर ठेवा, कर्णा तुमच्या पाठीमागं येऊ देऊ नका. माइक ओठांच्या कोपऱ्याशी, दोन बोटं लांब. फोमची टोपी जादा ठेवा, घामानं अन् धुळीनं दोन जत्रांत तिचा भुगा होतो.

कोणता पसंत पडला की टोकाचा फोटो इथं टाका, पिना मोजून सांगतो.