वॉकर या इंग्रजी आडनावाचा अर्थ काय?

वॉकर म्हणजे चालणारा, पण नुसत्या चालण्यावरून आडनाव कसं पडेल, ही तुमची शंका रास्त आहे. हा वॉकर चालायचा, पण जागच्या जागी. कुंडात उभा राहून ओल्या कापडावर.

मी इचलकरंजीचा, टेक्स्टाइलचा डिप्लोमा केलेला. आमच्याकडे सगळं काम सुताचं, त्यामुळे लोकरीचं 'मिलिंग' परीक्षेपुरतंच वाचलेलं. मागावरून उतरलेलं लोकरीचं कापड तेलकट आणि विरविरीत असतं. ते भिजवून तुडवलं की तंतू एकमेकांत गुंततात, कापड आटतं, घट्ट होतं. हेच मिलिंग. (लोकरीचा स्वेटर चुकून गरम पाण्यात मशीनला लावला असेल, तर हा प्रयोग तुमच्या घरीही झालाय!) मध्ययुगीन इंग्लंडात हे काम पायांनी चाले. तेलकटपणा जावा म्हणून कुंडात शिळं मूत्र घालत, नाहीतर एक खास माती. तिला इंग्रजीत 'फुलर्स अर्थ' म्हणतात. आपण मुलतानी माती म्हणून चेहऱ्याला लावतो ती हीच.

त्यातला फुलर म्हणजेही कापड तुडवणाराच, लॅटिन 'फुल्लो'वरून आलेला. तिसरा टकर. धंदा एक, आडनावं तीन, आणि ती मुलखाप्रमाणे वाटलेली: दक्षिण-पूर्वेला फुलर, डेव्हनकडे नैर्ऋत्येला टकर, उत्तरेला वॉकर. एक्सेटरला विणकर आणि टकरांच्या जुन्या संघाची इमारत अजून उभी आहे, नाव 'टकर्स हॉल'.

गंमत म्हणजे 'वॉक' या क्रियापदाचा जुन्या इंग्रजीतला अर्थ घोळवणं, उलटंपालटं करणं असा होता. 'चालणे' हा अर्थ त्याला मागाहून चिकटला. तोवर कापड कुटायला पाण्यावर चालणारे लाकडी हातोडेही आले होते. टेंप्लर या ख्रिस्ती लढवय्या पंथाच्या 1185 च्या नोंदींत अशा गिरण्या सापडतात. म्हणजे आडनाव पिढीजात होईपर्यंत कित्येक वॉकरांचे पाय कोरडेच असणार.

एक अपवाद: न्यूकॅसलजवळ वॉकर नावाचं ठिकाण आहे. काही घराण्यांचं आडनाव त्या गावावरून आलेलं असू शकतं.

आणि 'जॉनी वॉकर' या प्रसिद्ध व्हिस्कीचं चिन्ह म्हणून 1908 पासून एक टोपीवाला तरातरा चालताना दिसतो. म्हणजे तुमच्यासारखाच अर्थ त्यांनीही लावला होता.