कच्च्या रस्त्याच्या ट्रेलरला अ‍ॅक्सल कोणता?

प्रश्न : जीपमागे ओढायला घरीच ट्रेलर बनवतोय. मालासह वजन ७५० किलो. जुन्या जीपचा मागचा अ‍ॅक्सल चालेल का?

उत्तर : नको. डिफरन्शियलचं (इंजिनाची ताकद दोन्ही चाकांत वाटणाऱ्या गिअरच्या गोळ्याचं) वजन फुकट वाहाल आणि मधला गोळा दगडांना अडकेल. सरळ, भरीव चौकोनी अ‍ॅक्सल घ्या; क्षमता किमान १,२०० किलो, कारण खड्ड्यातला धक्का स्थिर वजनापेक्षा बराच जास्त असतो. चाकांमधलं अंतर जीपइतकंच ठेवा, ट्रेलर त्याच चाकोरीतून येईल. हबची (चाक ज्यावर बसतं त्या भागाची) बोल्ट-रचनाही जीपचीच, म्हणजे स्टेपनी दोघांना चालते.

पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) अ‍ॅक्सलला यू-बोल्टने आवळा. अ‍ॅक्सलच्या खालच्या अंगाला आडवं वेल्डिंग अजिबात करू नका; ताण तिथेच येतो, तडाही तिथूनच जातो. ओढ्यात उतरण्याआधी हब थंड होऊ द्या. तापलेल्या हबमधली हवा गार पाण्यात आकसते, सीलमधून पाणी आत ओढलं जातं, ग्रीस दुधाळ होतं आणि बेअरिंग जातं.