‘मॅडम, पाण्यानंच झालं ना हे थायरॉईड?’

सोलापुरात माझ्याकडे येणाऱ्या बायका हा प्रश्न सतत विचारतात. नळाला रोज पाणी येत नाही, मधले दिवस बोअरवर काढायचे, त्यात आजूबाजूला सूत रंगवायचे कारखाने. शंका रास्तच आहे. ती हसण्यावारी नेणाऱ्यांचा मला राग येतो.

पूर्व भागातल्या एका ताईंनी (ओळख बदलली आहे) पहिल्याच भेटीत मुलीची वही पुढे केली. वर लिहिलं होतं ‘बंद’. खाली कोबी, फ्लॉवर, सोयाबीन, प्लास्टिकचे डबे, पाकिटातलं मीठ. शेवटची ओळ बारीक अक्षरात, पेन्सिलीनं: गोळी.

“गोळी का?”

“पाण्यातूनच विष जातंय, तर गोळी काय करणार? मीठसुद्धा केमिकलचं म्हणतात, म्हणून सैंधव आणलं.”

माझी धारणा अशी, की माणसाला घटनेपेक्षा तिच्याबद्दल मनात घोकलेलं वाक्य जास्त पिळतं. ताईंचं वाक्य होतं, ‘सगळंच विषारी आहे.’ ते खोडण्याआधी त्यातलं खरं किती, ते आम्ही पाहिलं. थायरॉईड ग्रंथीला तिचं संप्रेरक बनवायला आयोडीन लागतं. पाण्यातलं नायट्रेट, पर्क्लोरेट, बिडी-सिगारेटच्या धुरातून बनणारं थायोसायनेट ही रसायनं आयोडीनच्याच दारानं ग्रंथीत शिरू पाहतात; एसटीच्या दारात रेटारेटी व्हावी तसं. अंगात आयोडीन पुरेसं असेल, तर त्यांचं फारसं चालत नाही. कमी असेल, तर चालतं.

मी वही त्यांच्याकडे फिरवली. “या यादीनंतर तुमच्या ग्रंथीला आयोडीन कुठून मिळणार?”

त्या बोट फिरवत खाली आल्या, मिठावर थांबल्या. पाकिटातल्या मिठात आयोडीन घातलेलं असतं, सैंधवात ते सहसा नसतं. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “म्हणजे ज्याला भ्याले, त्यालाच मी वाट करून दिली की!” हे वाक्य मी त्यांना सांगितलं असतं, तर ते माझंच राहिलं असतं. ते त्यांच्या तोंडून येईपर्यंत थांबता आलं, याचं मला आजही समाधान आहे.

गोळी त्यांनी डॉक्टरांना विचारून पुन्हा सुरू केली.

तुम्हालाही हीच धास्ती असेल, तर बोअरचं पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्या. नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट दाट होतं. आरओनं कमी होतं. मीठ आयोडीनयुक्तच घ्या, झाकणाच्या बरणीत ठेवा, भाजी उतरवताना घाला. मोठ्या माणसाला दिवसाला 150 मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, गरोदरपणी 250. मात्र मीठ म्हणजे गोळीला पर्याय नव्हे, आणि आयोडीनचे थेंब मनानं घेऊ नका. जास्त आयोडीननंही ग्रंथी बिघडते. पुष्कळदा तर आपलीच प्रतिकारशक्ती ग्रंथीवर उलटलेली असते. पाण्याशी त्याचा संबंध असेलच असं नाही. गोळी उपाशीपोटी घ्या, कॅल्शियम-लोहाच्या गोळ्यांपासून चार तास लांब. मात्रा बदलली, की सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच ही थायरॉईडची रक्ततपासणी करून डॉक्टरांना दाखवा.